कुकरवाल्या कोरियन पिक्चरच्या तीन एडिशन

माझ्या डीटीपीच्या दुकानात जुन्या टेस्टपेपरांचे गठ्ठे साठतात, तसेच हे किस्से साठले. कोणी फेकत नाही, कोणी वाचत नाही, आणि एक दिवस वरचा गठ्ठा डोक्यावर पडतो. परवा तसंच झालं. नांदेडला एका लग्नात पंगतीत शेजारच्या गृहस्थानं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही लातूरचे ते कोरियन पिक्चरवाले का हो?"

"हाव," मी म्हटलं. "आम्हीच ते. काही म्हणणं हाय का?"

त्याचं काही म्हणणं नव्हतं. तो जिलेबीकडे वळला. पण आमच्याबद्दल जे अर्धवट सांगितलं जातं ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलेलं आहे. म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकतो. ज्याला पटणार नाही त्यानं जिलेबी खावी.

आधी माणसं सांगतो, चारच आहेत. मी दत्ता, मूळचा नायगावचा, लातुरात क्लासेसच्या गल्लीत टेस्टचे पेपर टाइप करतो. भूकंपानं लातूरचं नाव देशभर झालं, मग बोर्डाच्या निकालांनी झालं, आणि गावोगावची पोरं ट्रंका घेऊन आमच्या गल्लीत उतरायला लागली. माझ्या शेजारी सलीमभाईंची सीडी-डीव्हीडीची लायब्ररी. त्यांचे वालिद घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे दुकानाच्या एका भिंतीवर नऊ घड्याळं होती आणि नऊही वेगळी वेळ दाखवायची. तिसरे वाघमारे सर, गणिताचे, किल्लारीकडचे. भूकंपात त्यांचं घर गेलं, घरातली दोन माणसं गेली. त्यावर ते बोलत नाहीत. फक्त कुठंही गेले तरी दाराजवळची खुर्ची धरतात.

चौथी नंदाक्का. महानंदा मॅडम, बॉटनी शिकवायच्या, माहेर उदगीरचं. त्यांच्या नवऱ्याचा नांदेडला मोठा क्लास. अकरा वर्षं संसार केला आणि एक दिवस एक बॅग घेऊन त्यांनी लातूरची बस धरली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, त्यामुळे लोकांना कारणच सापडेना. माहेरचे, सासरचे, समाजातले वडीलधारे अप्पा, सगळे एकच म्हणत होते, परत जा. नांदेडला बैठक बसायची होती आणि अक्कांनी तिथं सगळ्यांसमोर सांगायचं होतं, नांदायला जाणार की नाही. हा प्रश्न त्यांच्या एकटीचा आहे असं अख्ख्या दोन जिल्ह्यांत कोणालाच वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी दोन ते पाच सगळ्या लातुरात टेस्ट असते. पोरं पेपर लिहितात, सुपरवायझर फेऱ्या मारतात आणि सर लोक तेवढे तीन तास मोकळे असतात. तेवढ्या वेळात सलीमभाईंच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि आत आम्ही चौघं पिक्चर बघायचो. एकच पिक्चर. दीड वर्ष!

*

पहिली कुरबुर क्लासच्या मालकांनी केली. तिघं जण एका जीपमधून उतरले. म्हणाले, डिस्कांमुळे पोरं बिघडून राहिलीत, पालक तक्रार करतात, लायब्ररी इथून हलवा.

सलीमभाईंनी चहा मागवला आणि रजिस्टर पुढं ठेवलं. "साहेब, पोरांना मी देतच न्हाई. तुमीच बघा, कोण कोण नेतंय."

तिघांनी पानं उलटली. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, इंग्लिशचे सर, दोन रेक्टर. एका पानावर तर आलेल्या तिघांपैकी एकाचं नाव चार वेळा होतं. चहा न संपवताच मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी माझ्याकडून पाटी टाइप करून घेतली आणि दारावर डकवली. "विद्यार्थ्यांना डिस्क मिळणार नाही. सरांनी रांगेत यावे."

संध्याकाळी तोच चार वेळा नाव असलेला मालक एकटाच आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "सलीमभाई, माझी ती दोन नंबरची डिस्क अडकतीय. बदलून द्या."

*

हा पिक्चर आमच्याकडे आला तो चुकून. सलीमभाई हैदराबादहून जुन्या डिस्कांचा गठ्ठा आणायचे. त्यात एका व्हीसीडीच्या कव्हरवर तलवार घेतलेला माणूस आणि मागं आग. आत दोन डिस्का, हिंदीत डब केलेल्या. आम्ही मारामारी बघायला बसलो तर पडद्यावर एक नवराबायको ताटल्या मोजतायत!

पहिली डिस्क संपली तेव्हा सलीमभाई म्हणाले, "दीड घंटा होत आला मियां, एकानंबी अजून लात मारली न्हाई."

गोष्ट एवढीच. सात वर्षं संसार केलेले दोघं वेगळे व्हायचं ठरवतात आणि तीन दिवस घरातलं सामान वाटून घेतात. ताटल्या, पांघरुणं, फोटो. भांडण फार नाही. शेवटी भाताचा एक कुकर उरतो, तो दोघांनी मिळून घेतलेला. तो ती घेते, बसमध्ये बसते, आणि व्हीसीडीच्या अगदी शेवटी परत येऊन घराचं दार उघडते. समाप्त.

पण एक गोष्ट आम्हाला कळेना. दोघांचं बोलणं जरा तापलं की किचनमधून एका बाईचा गोड आवाज यायचा, "चावल तैयार है जी!" बाई दिसायची नाही. नवरा उठून किचनमध्ये जायचा आणि बायको खिडकीतून बाहेर बघत बसायची.

दुसऱ्या रविवारी वाघमारे सर दाराजवळच्या खुर्चीतून उठले आणि टेस्टपेपरच्या पाठीमागं त्यांनी त्या किचनचा नकाशा काढला. सिंक, फ्रीज, खिडकी. फ्रीजच्या मागं फुली मारून म्हणाले, "इथं. इथं ती दुसरी बाई लपती."

झालं! चार रविवार आम्ही त्या नवऱ्याला शिव्या घातल्या. घरात बायको असताना किचनमध्ये बाई ठेवतो म्हणजे काय! सलीमभाईंनी तर टीव्हीला पाठ करून बसायला सुरुवात केली. म्हणाले, "अशा आदमीचं तोंड बघणार न्हाई."

*

मग हैदराबादहूनच दुसरी एडिशन आली. डीव्हीडी, आवाज कोरियन आणि खाली इंग्रजीत अक्षरं. अक्षरं मी मराठीत करून मोठ्यानं वाचायचो.

पहिलं भांडण आलं. किचनमधून तोच आवाज आला. मी खाली बघितलं आणि वाचलं, "कुकर म्हणतो, भात झाला आहे."

सलीमभाई पाठ फिरवून बसले होते, ते टीव्हीकडे वळले.

"कुकर बोलता है?" त्यांनी विचारलं. "अपना तो निस्ती शिट्टी मारता है."

वाघमारे सर उभे राहिले. दोन्ही हात शर्टाला पुसले आणि गंभीरपणे म्हणाले, "मी माझा आरोप मागं घेतो." मग खाली बसले आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांना नवीन प्रश्न पडला. "पण मग नवरा चांगला हाय की! मारत न्हाई, पीत न्हाई, बाईबी न्हाई. मग ही सोडून कामून चालली?"

नंदाक्का तोवर शेंगा सोलत होत्या. त्यांनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली.

"माझ्याबी किचनमध्ये कोणी लपलेलं न्हवतं, सर. असतं तर तुमाला लई सोपं गेलं असतं, न्हाई का?"

सरांची मान खाली गेली. पण अक्का थांबल्या नाहीत.

"रोज जेवणाला दहापैकी मार्क देत होता. ताट सरकवायच्या आधी, सगळ्यांसमोर. साडेसहा. सात. पावणेसात. अकरा वर्षांत एकदा नऊ मिळाले, अन् त्या दिवशी जेवण हॉटेलातून आणलं होतं! आता हे मी बैठकीत कोणाला सांगू? अप्पा म्हणतील, मार्कच देतो ना, मारत तर न्हाई?"

"अन् स्वतःच्या आईला?" मी विचारलं.

"अव्वालाबी. तिनं केलं तर तिलाबी. अव्वाला आठाच्या वर कधीच न्हाई."

अव्वा म्हणजे सासू. देगलूरकडची, अक्कांच्या भाषेत 'बोलायला महाग बाई'.

त्या संध्याकाळी आम्ही टपरीवर भजी खाल्ली. मी सरांना सवयीनं विचारलं, कशी झालीत? सर दिवसाला दोन-तीनशे पेपरांवर मार्क टाकणारे गृहस्थ. खूप वेळ प्लेटकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गरम हायत."

*

आता मुंगीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण नांदेडच्या सरांनी, म्हणजे अक्कांच्या नवऱ्यानं, ती आजपर्यंत कबूल केलेली नाही. त्यांचं नाव घ्यायचं नाही असा आमच्यात ठराव आहे, म्हणून नांदेडचे सर.

त्यांच्या क्लासच्या बॉटनीच्या नोट्स मराठवाड्यात फार चालायच्या. एक पोरगी त्या झेरॉक्ससाठी माझ्याकडे घेऊन आली. कव्हरवर सरांचा फोटो, आत सरांचं नाव, आकृत्या मात्र अशा की बघत राहावं. जास्वंदीच्या उभ्या छेदाच्या आकृतीत देठावर एक बारीकशी मुंगी चढत होती.

मी नंदाक्कांना दाखवलं. म्हटलं, "अक्का, छपाईत किडा गेलाय बघा."

त्यांनी चष्मा लावला आणि हसायलाच लागल्या. "किडा न्हाई तो. मी हाय."

सगळ्या आकृत्या त्यांनी काढलेल्या होत्या, अकरा वर्षांत, स्वयंपाक झाल्यावर, डायनिंग टेबलवर. पहिल्या आवृत्तीत आत बारीक अक्षरात त्यांचं नाव होतं. त्या लातूरला आल्यावर नवीन आवृत्तीत ते पुसलं गेलं. पण मुंगी हा जास्वंदीचाच भाग असावा असं सरांना वाटलं आणि ती राहिली!

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या वर्षी बोर्डाचे पेपर तपासून आलेले एक सर आमच्या दुकानात बसून हैराण होऊन सांगत होते, "काय कळंना बाबा. अर्ध्या पोरांनी जास्वंदीवर मुंगी काढलीय. अन् चार जणांनी तिला बाण करून नाव दिलंय!"

*

आमच्यापुढं आता खरा पेच होता. व्हीसीडीत ती परत येते. डीव्हीडीत बस निघून जाते आणि पिक्चर संपतो. मग खरं काय? बैठकीची तारीख जवळ येत होती, आणि अक्का वरवर काही म्हणत नसल्या तरी हे त्यांना कळायलाच हवं होतं. आम्हालाही.

वाघमारे सरांनी हे काम त्यांच्या पद्धतीनं हातात घेतलं. दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले. एकावर व्हीसीडी, दुसऱ्यावर डीव्हीडी. सर स्टॉपवॉच घेऊन "एक, दोन, तीन" म्हणायचे, की एक बटण सलीमभाई दाबायचे आणि दुसरं मी. घड्याळांवर कोणाचाच विश्वास नव्हता. मी तक्ता टाइप केला आणि सवयीनं वर लिहून गेलो, 'फरक स्पष्ट करा, कोणतेही दहा.'

सरांना फरक सापडले सत्तावीस. इथं चार सेकंद कमी, तिथं गाणं जास्त, इथं नवऱ्याचा खोकला कापला. दर रविवारी तक्ता लांब होत गेला. शेवटाबद्दल मात्र काही उमगेना. सात रविवार गेले!

सातव्या रविवारी नंदाक्का एकदम म्हणाल्या, "थांबवा. मागं घ्या. कुकर कुठाय?"

"कसला कुकर?" सर म्हणाले.

"बसमध्ये तिच्या मांडीवर कुकर होता. दार उघडून आत आली तेव्हा हातात कोबी हाय. कुकर कुठं गेला?"

पहिली डिस्क परत लावली. बाराव्या मिनिटाला ती बाजारातून येते, हातात कोबी, अंगात तोच करडा कोट, दार उघडते. तोच तुकडा उचलून व्हीसीडीवाल्यांनी शेवटी चिकटवला होता!

चार शिकलीसवरलेली माणसं, दोन टीव्ही, एक स्टॉपवॉच आणि सात रविवार. सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "कोबी देऊन बाईला परत आणली सालों ने!"

*

तिसरी एडिशन थेट कोरियातून आली. वाघमारे सरांची एक जुनी विद्यार्थिनी तिकडं संशोधन करत होती. तिनं फोनवर विचारलं, सर, तुमच्यासाठी काय पाठवू? तिला वाटलं असेल, सर पेन मागतील. सरांनी कुकरवाला पिक्चर सांगितला. डिस्कवर लिहिलं होतं, बारा मिनिटं जास्त.

जास्त म्हटल्यावर लातूरचा माणूस हरखतोच. पण डिस्क लागेना. शेजारच्या क्लासच्या मालकाकडे भारी कंपनीचा प्लेयर होता, तिथं नेली तर पडद्यावर पाटी आली की ही डिस्क या भागात चालणार नाही.

नंदाक्का म्हणाल्या, "म्हणजे डिस्कलाबी सांगून ठेवलंय का, कुठल्या घरात नांदायचं ते?"

सलीमभाईंना राग आला. त्यांनी माळ्यावरून एक चिनी प्लेयर काढला, इतका स्वस्त की त्याला कंपनीचं नावच नव्हतं. त्याच्या पोटात डिस्क घातली आणि ती लगेच सुरू झाली. "ये गरीब है," सलीमभाई प्लेयरवर हात ठेवून म्हणाले, "याला कुठलाच भेदभाव ठाऊक न्हाई." आणि त्याच उत्साहात त्यांनी नवीन आणलेला मोठा स्पीकर जोडून दिला.

पिक्चरमधल्या त्या घराखालून आगगाडी जाते. आधीच्या दोन्ही एडिशनमध्ये ती नुसती गुणगुणायची. इथं आधी जमिनीतून घरघर आली. मग कपाटातले ग्लास वाजले. मग भिंतीवरची नऊच्या नऊ घड्याळं हलली.

सर पहिले बाहेर! त्यांच्या मागं अक्का, मग मी, मग सलीमभाई एका पायात चप्पल घालून. आम्हाला बघून मेसमधले आचारी उलथणी घेऊन पळाले. वरच्या मजल्यावर टेस्ट चालू होती, ती सगळी पोरं उत्तरपत्रिका छातीशी धरून रस्त्यावर. कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे अशा वेळी विचारत नाहीत, पळतात.

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की हलतंय ते फक्त सलीमभाईंचं दुकान. सर विजेच्या खांबाला धरून उभे होते. चेहऱ्यावर घाम होता, ओठ पांढरे झाले होते. मला भीती वाटली, हे आता इथंच बसतात की काय.

सरांनी कान देऊन ऐकलं. श्वास घेतला. म्हणाले, "खालून गाडी गेली. पिक्चरमध्ये." आणि मग म्हणाले, "साउंड मात्र ओरिजनल हाय!"

आणि हसले. एवढ्या वर्षांत त्या विषयावर त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. मग अख्खी गल्ली हसली.

आम्ही आत आलो तेव्हा शेवट आला होता. बस गेली. पुढं ती बारा मिनिटं. ती एका लहानशा खोलीत येते. कुकर लावते. जमिनीवर बसून वाट बघते. कुकर म्हणतो, भात झाला आहे. ती जेवते. तळाची खरवड काढून खाते. पाणी पिते. बस, एवढंच! कोणी येत नाही, कोणी जात नाही.

मला वाटलं, सर म्हणणार, बारा मिनिटं नुसतं जेवण, कापलं ते बरंच केलं. पण त्यांनी स्टॉपवॉचच लावलं नव्हतं.

नंदाक्का रडत होत्या आणि चिडलेल्याही होत्या. "हेच कापलं बघा. दोघांनीबी हेच कापलं. ती निघून गेली हे दाखवायला तयार हायत. पण ती निवांत जेवली, हे न्हाई दाखवत."

*

आणि मग नांदेडची बैठक.

तोवर नांदेडच्या सरांच्या कानावर गेलं होतं की त्यांची बायको दर रविवारी शटर पाडून तीन पुरुषांबरोबर कोरियन पिक्चर बघते. जो तो आपल्या पदरचं घालून सांगत होता. मी अक्कांना म्हटलं, आम्ही येत नाही, आम्हाला बघून बोलणं वाढेल. त्या म्हणाल्या, "वाढू दे. तिघंबी यायचं. अन् तक्ता घेऊन यायचा."

नांदेडच्या सरांच्या घरचा हॉल क्लाससारखाच होता. खुर्च्या रांगेत, समोर मोठा टीव्ही. अक्कांचा भाऊ, समाजातले अप्पा, अजून दोघं-तिघं. अप्पांनी आमच्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"माझ्याकडचे," अक्का म्हणाल्या. वाघमारे सर दाराजवळच्या खुर्चीत बसले. अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चटईवर बसली होती. सून आली तेव्हा तिनं फक्त मान हलवली.

नांदेडचे सर उभे राहिले. आवाज चढवला नाही, वाईट शब्द वापरला नाही. म्हणाले, "महानंदाच्या मनावर एका पिक्चरचा परिणाम झालाय असं मला कळलं. म्हणून तोच पिक्चर मी मिळवला. आपण सगळे मिळून शेवट बघू. शेवट महत्त्वाचा."

टीव्ही लागला. मी कव्हर बघितलं. तलवार घेतलेला माणूस आणि मागं आग!

सलीमभाईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला. पडद्यावर ती बसमध्ये बसली, मांडीवर कुकर. बस हलली. आणि मग ती परत आली, दार उघडलं, गाणं वाजलं, समाप्त.

"बघा," अप्पा म्हणाले. "कोरियातली बाईसुद्धा शेवटी घरी आली." भाऊ मान हलवायला लागला. सगळेच मान हलवायला लागले.

वाघमारे सरांचा हात पिशवीतल्या तक्त्याकडे गेला. अक्कांनी लांबूनच मान हलवून नको म्हटलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्या अव्वाकडे बघत होत्या.

नांदेडच्या सरांनी टीव्ही बंद केला. क्लास संपवताना ते रोज विचारायचे, तेच त्यांनी सवयीनं विचारलं, "एनी डाऊट?"

"मला हाय," उंबऱ्यावरून आवाज आला.

सगळे वळले. अव्वा टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "ती गाडीत बसली तवा तिच्या मांडीवर कुकर व्हता. घरात आली तवा हातात कोबी. कुकर कुठं ठिवला तिनं?"

वाघमारे सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

"अव्वा, तो मुद्दा नाही," नांदेडचे सर म्हणाले.

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. अप्पांनी दोनदा घसा खाकरला. अव्वा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाच लिटरचा कुकर होता. त्याच्या झाकणावर लग्नात माहेरच्यांनी कोरून दिलेलं नाव होतं, महानंदा.

तिनं तो सुनेच्या मांडीवर ठेवला.

"शिट्टी चांगली हाय. रबर जुनं झालंय, तेवढं बदलून घे."

नंदाक्कांनी कुकर दोन्ही हातांनी धरला आणि त्या उभ्या राहिल्या.

अव्वानं पदर खोचला, लेकाकडे वळली आणि म्हणाली, "हं. दे आता मार्क."